बाण न आलेले ठिपके

जानेवारीचे दिवस, सोलापुरात गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा भरलेली. आदल्या रात्री होम मैदानावर पाळण्यात बसून आलेली अकरावीची पोरं सकाळी साडेसहाच्या बॅचला डोळे चोळत बसलेली, आणि त्यात फंक्शनचा धडा. मी नेहमीप्रमाणे फळ्यावर दोन बटाटे काढले. गणिताच्या मास्तरला चित्रकला म्हणून एवढंच येतं. डाव्या बटाट्यात चार ठिपके, उजव्यात सहा, आणि डावीकडनं उजवीकडं चार बाण. डावा बटाटा डोमेन, उजवा कोडोमेन, आणि उजव्यातल्या ज्या ठिपक्यांवर बाण येऊन टेकले तेवढ्यांची मिळून रेंज. बावीस वर्षं हेच काढतोय.

या बाणांना फंक्शन म्हणायची अट काय, तर डावीकडच्या प्रत्येक ठिपक्यातून बाण निघालाच पाहिजे आणि एकच निघाला पाहिजे. पोरं पेंगत होती म्हणून गड्ड्याचंच उदाहरण घेतलं. सात नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या भेटीला जातात. नंदीध्वजाकडून लिंगाकडं बाण काढायला घेतले तर एकेका नंदीध्वजातून अडुसष्ट बाण निघतील. संबंध आहे, पण फंक्शन नाही. पोरं जरा हलली. दोघं-तिघं हसलीसुद्धा.

तेवढ्यात मागच्या बाकावरनं एका मुलीचा हात वर. तिची आई विड्या वळते, घरचा हजारांचा हिशोब हीच ठेवते, त्यामुळं तिला फुकटचं काही खपत नाही. म्हणाली, "सर, उजवीकडच्या दोन ठिपक्यांकडं कुणीच आलं नाही. मग त्यांना आत घेतलंच कशाला? चारच काढायचे की."

मी म्हणालो, "परीक्षेत विचारतात."

वर्ग हसला. ती हसली नाही, तिनं वहीत लिहून घेतलं. आठवड्यानं वह्या तपासताना दिसलं: ‘कोडोमेन – परीक्षेत विचारतात.’ आणि त्याखाली पट्टीनं मारलेली लाल रेघ. व्याख्येखाली लाल रेघ मारायची, हे मीच सांगितलेलं.

आता खरं सांगायचं तर त्या दिवशी माझ्याकडं दुसरं उत्तर नव्हतंच. कोडोमेनची व्याख्या मला येत होती, त्यावरची गणितं येत होती. पण तो कशाला हवा, हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. रेंज कळते, ती खरोखर मिळालेली उत्तरं असतात. डोमेन कळतो, कारण काय आत टाकायचं आणि काय नाही हे ठरवावंच लागतं, शून्यानं भागता येत नाही वगैरे. मधल्यामध्ये हा कोडोमेन कोण?

दुसऱ्या दिवशी मी एक प्रयत्न केला आणि तोंडावर पडलो. क्लासच्या दारात लागलेल्या गाड्या घेतल्या. प्रत्येक गाडीला एकच आरटीओ कोड, म्हणजे फंक्शन. डोमेन म्हणजे या अकरा गाड्या. कोडोमेन म्हणजे महाराष्ट्रातले सगळे कोड. रेंज बघायला सगळ्यांना बाहेर नेलं. बहुतेक इथल्याच एमएच १३, एक एमएच ४५ म्हणजे अकलूजकडची, आणि तुळजापूरहून मामाकडं शिकायला आलेल्या पोराची एमएच २५. रेंजमध्ये तीनच कोड. बाकीचे सगळे कोडोमेनमध्ये नुसते बसलेले. मला वाटलं, झालं काम.

"पण सर, गाड्या तर समोर दिसतायत," ती म्हणाली. "तीनच आहेत म्हटल्यावर तीनच लिहायचे."

बरोबर होतं तिचं. पुस्तकातल्या सगळ्या उदाहरणांत हीच खोट असते. ठिपके चार नाहीतर पाच, बाण डोळ्यांसमोर, रेंज बोटांवर मोजता येते. मग कोडोमेन हा लग्नात नुसता जेवायला आलेला पाहुणाच वाटणार.

त्याच महिन्यात अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, जुन्या शेठचा फोन आला. अक्कलकोट रोडवरच्या शेडमधले माग भंगारात चालले होते. अप्पांनी तिथं एकतीस वर्षं जॉबरचं काम केलं. माग बंद पडला की हाक अप्पांना. काही आठवण म्हणून न्यायचं असेल तर घेऊन जा, असा निरोप होता. अप्पांना आता चालवत नाही फार, पण गाडीवर मागं बसून आले. शेडमध्ये तेलाचा आणि सुताच्या कस्पटांचा तोच वास. लहानपणी डबा घेऊन यायचो तेव्हा या शेडमध्ये बोललेलं कानाशी तोंड नेल्याशिवाय ऐकू यायचं नाही. आता सगळं इतकं शांत होतं की अप्पांच्या चपलेचा आवाज यायला लागला.

अप्पांनी काय उचललं? जकार्डच्या कार्डांची एक माळ. भोकं पाडलेली लांबट पुठ्ठ्याची कार्डं, दोऱ्यानं एकाला एक ओवलेली. सोलापुरी चादरीवरचे मोर, फुलं, काठाच्या नक्ष्या या कार्डांतून यायच्या. फ्रान्समधल्या ल्यों गावच्या जोसेफ मारी जकार नावाच्या माणसानं १८०४ च्या सुमारास मागावर नक्षी काढणारं हे यंत्र बसवलं, आणि आमच्या पूर्व भागात त्याचं नाव शाळा न शिकलेली माणसंसुद्धा दिवसातून पन्नासदा घेत होती.

घरी आल्यावर अप्पांनी एक कार्ड खिडकीपाशी उजेडात धरलं. "हे बघ. भोक आलं की सुई आत जाते, हूक जागेवर राहतो, उचलला जातो, दोरा वर. भोक नाही, पुठ्ठा लागतो, सुई मागं ढकलली जाते, हूक चुकतो, दोरा खाली. एक कार्ड, एक धोटा. कार्ड पुढं सरकलं की पुढची ओळ."

बावीस वर्षं फंक्शन शिकवणारा मी, ते अप्पांच्या हातात बघत होतो. चारशे हुकांचं जकार्ड. प्रत्येक हुकाला एकच उत्तर: वर किंवा खाली. डोमेनमध्ये चारशे हूक, कोडोमेनमध्ये दोनच गोष्टी. प्रत्येक कार्ड म्हणजे एक फंक्शन आणि कार्डांची माळ म्हणजे फंक्शनांची माळ. त्यातून मोर.

माळेच्या शेवटी एक कार्ड कोरं होतं. एकही भोक नाही.

"हे असं का?"

"पाडायचं राहिलं असेल. जादाचं असेल."

"हे मागाला लावलं तर?"

"लावलं तर काय, माग थोडाच थांबतोय? सगळे दोरे खाली. धोटा वरनं निघून जातो, आडवा दोरा नुसता वर लोंबतो."

"म्हणजे या कार्डाला ‘वर’ माहीतच नाही."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं, पोरगं शिकून वाया गेलं अशा नजरेनं. "कार्डाला काय माहीत असायचंय? वर जायची सोय मागात आहे. कार्डानं वापरली नाही, एवढंच."

कोऱ्या कार्डाची रेंज म्हणजे फक्त ‘खाली’. कोडोमेन मात्र दोन्हींचा, ‘वर’ आणि ‘खाली’, कारण तो कार्डाचा नसतोच. तो मागाचा असतो, आणि कार्ड बदललं तरी माग तोच राहतो.

सोमवारी कार्ड घेऊन क्लासला गेलो. फिरवलं सगळ्यांच्या हातातून. मग प्रश्न टाकला: चारशे हुकांच्या मागासाठी वेगवेगळी कार्डं किती होतील? प्रत्येक हुकापुढं दोन पर्याय, म्हणून दोन गुणिले दोन गुणिले दोन, असं चारशे वेळा. २ चा ४०० वा घात. ती संख्या १२१ अंकी येते. लॉगॅरिथमनं काढून दाखवलं: ४०० गुणिले ०.३०१०३ म्हणजे १२० आणि वर थोडं, म्हणून १२१ अंक. पोरांनी शिट्टी वाजवली.

आता बघा, हे मोजताना मला काय लागलं? डोमेन चारशेचा आणि कोडोमेन दोनचा. एकाही कार्डाची रेंज मी विचारली नाही. कोडोमेन नसेल तर ‘किती कार्डं’ हा प्रश्नच विचारता येत नाही. तो आधी ठरलेला असतो, रेंज नंतर एकेका कार्डाची कळते. आणि त्या १२१ अंकी गर्दीत ज्यांची रेंज कोडोमेनला पुरत नाही अशी कार्डं फक्त दोन: एक पूर्ण कोरं, आणि एक सगळी भोकं पाडलेलं. बाकी सगळी ऑन्टो. ऑन्टो म्हणजे कोडोमेनमधला एकही ठिपका बाणाविना उरला नाही. याच गुणाला सर्जेक्टिव्ह हा शब्द बूर्बाकी या टोपणनावानं लिहिणाऱ्या फ्रेंच गणितींनी रूढ केला. त्यातलं ‘सूर’ म्हणजे फ्रेंचमध्ये ‘वर’. जकारही तिकडचाच, आणि अप्पांचाही सगळा हिशोब वर-खालीचा. असो, योगायोग.

ऑन्टोवरून माझं जुनं दुखणं सांगतो. बीएस्सीच्या परीक्षेत फ(क्ष) = क्ष² हे फंक्शन दिलं होतं आणि ते ऑन्टो आहे का, असा प्रश्न होता. (फळ्यावर मी एक्स लिहितो, इथं क्ष.) मी दणक्यात लिहिलं, नाही, कारण वर्ग कधी ऋण येत नाही, −१ कडं बाण येत नाही. चार मार्क गेले. प्रश्नात फंक्शन वास्तव संख्यांकडून शून्य आणि धन वास्तव संख्यांकडं जाणारं दिलं होतं, आणि बाणापुढचं ते मी वाचलंच नव्हतं. कोडोमेन तसा घेतला तर तेच क्ष² ऑन्टो होतं, कारण शून्य किंवा धन अशा प्रत्येक संख्येला वर्गमूळ आहे. सूत्र तेच, डोमेन तोच, रेंजसुद्धा तीच. नुसता कोडोमेन बदलला की उत्तर फिरतं. त्या वेळी पेपर काढणाऱ्याला मनात शिव्या दिल्या होत्या. आज तोच प्रश्न दरवर्षी माझ्या चाचणीत असतो.

इथं एक गोष्ट मान्य करायला हवी. काही पुस्तकं फंक्शन म्हणजे नुसता क्रमित जोड्यांचा संच मानतात. तसं मानलं तर जोड्यांकडं बघून डोमेन सांगता येतो, रेंज सांगता येते, कोडोमेन मात्र सांगता येत नाही, तो वेगळा लिहावा लागतो. शिवाय काही जुन्या पुस्तकांत रेंज हा शब्दच कोडोमेनसाठी वापरलाय. दोन पुस्तकं शेजारी उघडून अभ्यास करणाऱ्या पोरांचा गोंधळ उडतो तो त्यांच्या डोक्यामुळं नाही. माझा सल्ला एवढाच की ज्या पुस्तकातून शिकताय त्याचं व्याख्येचं पान आधी बघा.

क्लासमध्ये मग मी रेंज ‘दिसते’ या समजुतीकडं वळलो. फ(क्ष) = क्ष भागिले (१ + क्ष²) लिहिलं. छेद कधीच शून्य होत नाही, म्हणून डोमेन सगळ्या वास्तव संख्या. कोडोमेन? उत्तर वास्तव संख्याच येणार, म्हणून वास्तव संख्या. लिहायला दोन सेकंद. आता रेंज सांगा. एकजण म्हणाला, सगळं येत असेल. दुसरा म्हणाला, शून्य ते एक. मग बसलो काढायला. उत्तराला य म्हटलं, तिरकस गुणाकार केला, आलं यक्ष² − क्ष + य = ०. य शून्य असेल तर क्ष शून्य, ते सुटलं. नसेल तर हे क्ष मधलं वर्गसमीकरण आहे, त्याला वास्तव मुळं हवीत, म्हणून विवेचक १ − ४य² ऋण असून चालणार नाही. म्हणजे य हा −१/२ पासून १/२ पर्यंतच. रेंज एवढीशी. एक येतच नाही, पाऊणसुद्धा येत नाही. अर्धा फळा भरला तेव्हा कुठं ती हाती लागली.

आणि डोमेनकडं दुर्लक्ष केलं की रेंजमध्ये भोक कसं पडतं तेही दाखवलं. (क्ष² − ४) भागिले (क्ष − २). पोरं लगेच छाटतात, क्ष + २ लिहितात आणि रेंज सगळ्या वास्तव संख्या म्हणून मोकळी होतात. पण क्ष = २ डोमेनमध्ये नाही, म्हणून ४ हे उत्तर कधीच मिळत नाही. अख्ख्या चादरीत एक दोरा तुटलेला. लांबून कळत नाही. अप्पांना कळला असता.

कॅल्क्युलेटरचा किस्साही याच घरातला. साइन १५० अंश काढा, ०.५ येतं. आता साइन इन्व्हर्स ०.५ काढा, १५० येत नाही, ३० येतं. पोरांना वाटतं मशीन बिघडलं. उलटा बाण काढायचा तर कोडोमेनच्या प्रत्येक ठिपक्यावर बरोबर एकच बाण आलेला पाहिजे, म्हणून साइनचा डोमेन −९० ते ९० अंशांपर्यंत कापलाय आणि कोडोमेन −१ ते १ एवढाच धरलाय. १५० त्या कापलेल्या तुकड्याबाहेर राहिलं. आणि साइन इन्व्हर्स २ दाबलं तर ‘मॅथ एरर’.

एवढं झाल्यावर मागच्या बाकाकडं बघितलं. ती म्हणाली, "अर्धा फळा भरून का होईना, रेंज निघाली की. मग कोडोमेन खोडायचा."

या वेळी माझी तयारी होती. तिला म्हटलं, चार आणि त्यापुढच्या सम संख्या घे, हा डोमेन. प्रत्येक संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज म्हणून किती प्रकारे लिहिता येते, ते तिचं उत्तर. ३ + ५ आणि ५ + ३ एकच धरायचे. कोडोमेन ०, १, २, ३ असा पुढं. आता काढ.

पोरं कामाला लागली. ४ म्हणजे २ + २, एक. ६ म्हणजे ३ + ३, एक. ८ ला एक. १० ला दोन: ३ + ७ आणि ५ + ५. १२ ला पुन्हा एकच, ५ + ७. १४ ला दोन. मग मी १०० दिले. बाकावर बाक भांडून शेवटी सहा प्रकार निघाले: ३ + ९७, ११ + ८९, १७ + ८३, २९ + ७१, ४१ + ५९, ४७ + ५३.

"आता रेंज सांगा. १ आहे, २ आहे, ६ आहे. ० आहे का?"

शांतता. एकजण म्हणाला, मोठी संख्या घेतली तर कधीतरी येईल. दुसरा म्हणाला, उलट मोठीला प्रकार वाढतायत. दोघंही अंदाजच करत होते, आणि अंदाजापलीकडं जाता येत नाही हेच तर सांगायचं होतं. १७४२ साली ख्रिस्टियान गोल्डबाखनं ऑयलरला पत्र लिहिलं, त्यातून निघालेला हा प्रश्न. दोनपेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते का? म्हणजेच आपल्या भाषेत, शून्य रेंजच्या बाहेर आहे का? संगणकानं ४ वर अठरा शून्यं इतक्या मोठ्या संख्येपर्यंत तपासून झालंय, शून्य कुठं आलेलं नाही. पण सिद्धता नाही. पावणेतीनशे वर्षं होऊन गेली.

"हे फंक्शन तुम्ही आत्ता वहीत लिहिलंत," मी म्हणालो. "डोमेन नीट आहे, नियम नीट आहे, कोडोमेन नीट आहे. रेंज मात्र कुणालाच माहीत नाही. कोडोमेन खोडला तर त्याच्या जागी लिहिणार काय?"

ती बराच वेळ फळ्याकडं बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे शून्याकडं बाण येतो की नाही ते माहीत नाही, पण त्याला आत घेतल्याशिवाय ते विचारता येत नाही."

मी काही बोललो नाही. खरं तर मला ते इतकं सरळ मांडता आलं नसतं. तिनं वही मागं उलटली, लाल रेघेवरचं वाक्य खोडलं नाही. त्याच्यापुढं कंस करून लिहिलं: ‘पण गोल्डबाखलाही लागतो.’

ते कोरं कार्ड मी क्लासच्या भिंतीवर टाचून ठेवलंय, शेजारी मोरातलं एक. परवा अप्पांना संध्याकाळी पार्क चौकात फिरवून आणताना क्लासवर घेऊन गेलो, म्हटलं बघा, तुमचं कार्ड आता अकरावीला शिकवतंय. अप्पांनी चष्मा वर केला, मोराचं कार्ड निरखलं आणि माझ्याकडं न बघताच म्हणाले, "नंबर कुठल्या बाजूला आहे बघ. उलटं टाचलंयस."